झुलीखालचा खांदा

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या की यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात दोन तऱ्हेचे बघे दिसतात. पहिल्यांची नजर झुलीवर असते. शिंगांवरचं बेगड, कपाळावरचं बाशिंग, गळ्यातली घुंगरमाळ बघून ते मोबाइल काढतात. दुसरे वयाने जरा थोराड. ते जोडीच्या कडेने सावकाश जातात, झुलीची किनार दोन बोटांनी वर उचलतात आणि खांदा बघतात. खांदा आलेला असला, जुवाने कातडी सोललेली असली, तर वरची झूल कितीही भरजरी असो, त्या घराबद्दल त्यांचं मत झालेलं असतं. बोलत कुणी नाही. पुढच्या जोडीकडे सरकतात.

घोडेस्वारीतल्या ‘ड्रेसाज’ या प्रकाराच्या पहिल्यावहिल्या स्पर्धेला काय घालून जावं आणि तयारी कशी करावी, हा या पुस्तिकेचा विषय. विदर्भातल्या वाचकाला त्यात शिरायला या दुसऱ्या बघ्यांइतकी जवळची वाट नाही. कारण ड्रेसाजचा परीक्षक हा झुलीची किनार उचलून बघणारा माणूस आहे. फरक इतकाच, की इथे किनार उचलावी लागू नये असाच पोशाख ठरवलेला आहे.

आधी शब्दाचं. मराठी कानाला ‘ड्रेसाज’मध्ये ‘ड्रेस’ ऐकू येतो आणि हा घोड्यांचा फॅशन शो असावा असं वाटतं. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ जनावराला शिकवणं, तयार करणं. गंमत अशी, की इंग्रजी ‘ड्रेस’ आणि फ्रेंच ‘ड्रेसाज’ या दोहोंचं मूळ एकच: सरळ करणं, नीट लावणं. म्हणजे फ्रेंचांनी शिस्तीसाठी ‘सरळ’ हा शब्द धरला आणि मराठीने ‘वळण’. ड्रेसाजच्या मैदानात दोन्ही लागतं. सरळ रेषेत घोडा सरळ हवा आणि वर्तुळात त्याचं अंग वर्तुळाइतकंच वळलेलं हवं. नवशिक्याचे बहुतेक गुण या दोन गोष्टींतच जातात.

मैदान आयताकृती. नवशिक्यांसाठी बहुधा 20 मीटर रुंद आणि 40 मीटर लांब; वरच्या पातळीवर लांबी 60 मीटर होते. कडेने रोमन अक्षरांच्या पाट्या लावलेल्या असतात. छोट्या मैदानात त्यांचा क्रम ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. हाच क्रम का, हे सांगणाऱ्या कथा पुष्कळ आहेत, खात्रीची एकही नाही. इंग्रजी शाळांतली मुलं राजा एडवर्डच्या घोड्यांबद्दलचं एक वाक्य पाठ करून हा क्रम लक्षात ठेवतात. मराठी वाक्य कुणीतरी बनवायला हवं. एडवर्डचा आपल्याशी तसा काही संबंध उरलेला नाही. स्वार ‘ए’कडून आत येतो, मध्यावरच्या ‘एक्स’पाशी थांबतो आणि ‘सी’मागे बसलेल्या परीक्षकाला सलाम करतो. मग ठरलेल्या क्रमाने ठरलेल्या हालचाली, म्हणजेच चाचणी: चालणं, दुडकी, 20 मीटरचं वर्तुळ, थोडी पुढची पायरी असेल तर दुडकीपुढची चाल कँटर, शेवटी पुन्हा मध्यरेषा, थांबणं, सलाम. सगळं पाचेक मिनिटांत आटोपतं. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण आणि अखेर टक्केवारी.

या टक्केवारीबद्दल घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. दहावी-बारावीच्या निकालांनी आपल्याकडे नव्वदच्या खालचा आकडा पडेल चेहऱ्याने सांगायची सवय लावली आहे. ड्रेसाजमध्ये पाच म्हणजे जेमतेम, सहा म्हणजे समाधानकारक, आणि दहा क्वचितच कुणी देतं. पहिल्या स्पर्धेत कुणी 62 टक्के घेऊन आलं तर पेढे आणायला हरकत नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अनुष अगरवाला हा ड्रेसाजमध्ये उतरलेला पहिला भारतीय होता. ‘सर कॅरामेलो’ या घोड्यावर त्याला 66.444 टक्के मिळाले.

त्याच्या आदल्या वर्षी, 26 सप्टेंबर 2023 रोजी, हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक जिंकलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण तब्बल 41 वर्षांनी आलं होतं. आधीची 1982 च्या दिल्लीतली होती, तीही इव्हेंटिंग आणि टेंट पेगिंगमधली. हांगझोच्या संघात कोलकात्याचा अनुष, मुंबईचा हृदय छेडा, जयपूरची दिव्यकृती सिंह आणि इंदूरची सुदिप्ती हजेला असे चौघे होते. चारपैकी तिघांचे चांगले गुण धरतात. अनुषचे 71.088, हृदयचे 69.941 आणि दिव्यकृतीचे 68.176 मिळून 209.205 झाले. चीन 204.882 वर आणि हाँगकाँग 204.852 वर राहिलं. दुसऱ्या-तिसऱ्यातलं अंतर तीन शतांश. घोड्याने एका ठिकाणी थांबताना मागचा एक पाय मागे ठेवला तर याहून जास्त जातं.

त्या दिवसाची छायाचित्रं वर्तमानपत्रांत आली तेव्हा अनेकांच्या नजरेत भरला तो पोशाख: गडद कोट, पांढरी विजार, गुडघ्यापर्यंतचे काळे बूट. साहेबी थाट, असंही कुणी म्हटलं असेल. या थाटाचा इतिहास मात्र साहेबाचाही नव्हे, शिपायाचा आणि अधिकाऱ्याचा आहे.

ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज 1912 साली स्टॉकहोमला आलं. पुढची कित्येक वर्षं तो लष्करी अधिकाऱ्यांचा खेळ होता. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनने सांघिक सुवर्ण जिंकलं. त्यांच्या संघातला गेनॅल पेर्सोन हा मुळात सार्जंट. स्पर्धेपुरती त्याला लेफ्टनंटची बढती दिली आणि खेळ संपल्यावर काढून घेतली. हे उघडकीला आलं. 1949 मध्ये आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने संघाचा निकाल रद्द केला आणि सुवर्ण फ्रान्सला गेलं. घोडा तोच, मांड तीच, गुणही तेच. खांद्यावरची फीत तेवढी खोटी निघाली. यातून उठलेल्या चर्चेनंतर नियमच बदलले. 1952 च्या हेलसिंकीत सार्जंट, बिगरलष्करी माणसं आणि स्त्रिया सगळ्यांना दार उघडलं. पेर्सोन परत आला आणि स्वीडनच्या संघातून सुवर्ण घेऊन गेला. त्याच स्पर्धेत डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी वैयक्तिक रौप्य जिंकलं. पोलिओने त्यांचे गुडघ्याखालचे पाय निकामी झालेले होते. घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागे.

गणवेशाची अट गेली, पण गणवेशाची सावली राहिली. कोट, बूट, गळ्याशी बांधलेलं पांढरं कापड हे सगळं फौजेतून आणि शिकारीच्या मैदानातून आलेलं. वरच्या पातळीवर उंच रेशमी टोपी तर अगदी काल-परवापर्यंत होती. 1 जानेवारी 2021 पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत सर्वांना हेल्मेट सक्तीचं झालं आणि ती टोपी संग्रहालयात गेली. फार उशिरा गेली, असंच म्हणावं लागेल.

हेल्मेटपासूनच सुरुवात करू, कारण बाकी सगळं उसनं मिळालं तरी ते स्वतःचं असावं. डोक्यावर घट्ट बसणारं, हनुवटीखाली पट्टा असलेलं, घोडेस्वारीसाठीच बनवलेलं. मोटरसायकलचं चालत नाही. ते जड असतं, मानेला ओढतं, बाजूचं दिसू देत नाही आणि कान झाकतं. क्रिकेटचंही नाही. एकदा पडताना आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी बदलायचं, कारण आतला थर एकदाच दबतो. केस लांब असतील तर जाळीत बांधून आत किंवा मानेशी घट्ट. कानात झुलतं काही नको.

बुटांना टाच हवी. ती रुबाबासाठी नसते. रिकिबीतून पाय आरपार जाऊ नये म्हणून असते. पडलेला स्वार सहसा उठून कपडे झटकतो. रिकिबीत पाय अडकून फरफटला गेलेला उठेलच असं नाही. म्हणूनच धावायचे बूट घालून घोड्यावर बसू देणारा शिक्षक दिसला तर दुसरा शोधावा. नवशिक्यांच्या स्पर्धांत घोट्यापर्यंतचे चामडी बूट आणि त्यावर पोटरीला गेटर्स चालतात. लांब बूट हवेतच असं नाही. मात्र जे घालायचे ते स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा पायात घालू नयेत. नवं चामडं घोट्याला आणि गुडघ्यामागे असं कापतं की ‘सी’पुढे सलाम करताना चेहऱ्यावर हसू आणायला अभिनय लागतो.

पांढऱ्या किंवा फिकट ब्रीचेसबद्दल आपल्याकडे थोडं घरच्या अभिमानाचं प्रकरण आहे. लग्नात ‘जोधपुरी’ म्हणजे बंद गळ्याचा कोट, हे सर्वांना माहीत. पण जगभरच्या घोडेस्वारांना ‘जोधपुर’ म्हणजे विजार. मांडीपाशी ऐसपैस आणि गुडघ्याखाली घट्ट बसणारी ही विजार जोधपूरच्या सर प्रतापसिंह यांच्याबरोबर 1897 मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या वेळी, इंग्लंडात गाजली. तेव्हा ताणलं जाणारं कापड नव्हतं. गुडघा वाकवायला जागा हवी म्हणून वर घोळ ठेवलेला. आता कापडच ताणतं, त्यामुळे घोळ गेला, नाव राहिलं. पांढरं कापड आणि तबेला यांचं वैर मात्र जुनंच आहे. अनुभवी स्वार घंटा वाजायच्या पाच मिनिटं आधीपर्यंत वरून जुनी ट्रॅकपँट चढवून असतात.

कोट गडद, अंगाबरोबर, मागे चीर असलेला. तो तयार विकत घ्यायलाच हवा असं नाही. शेरवानी आणि सूट शिवणारा यवतमाळचा, वणीचा किंवा पुसदचा कुठलाही चांगला टेलर तो शिवू शकतो, एवढी एक गोष्ट त्याला पटवता आली तर: माप उभ्याने घ्यायचं नाही. खुर्चीवर उलटं, पाठीच्या फळीकडे तोंड करून, दोन्हीकडे पाय टाकून बसावं, हात लगाम धरल्यासारखे पुढे घ्यावेत, आणि मग खांदे, बाही, पाठ मोजू द्यावी. उभ्याने झकास दिसणारा कोट घोड्यावर बसल्यावर बाही दोन इंच वर ओढतो आणि मागून खोगिरात चुरगळतो. अंगाबरोबर कोट का, याचं उत्तर परीक्षकाच्या खुर्चीत बसल्यावर कळतं. पाठ ताठली आहे का, एक खांदा पडतो आहे का, कंबर घोड्याबरोबर हलते आहे की त्याच्या विरुद्ध, हे ढगळ कपड्यात लपतं. पोशाखाचे बहुतेक नियम लपवाछपवी बंद करणारे आहेत.

हातमोजे त्याला अपवाद, आणि ही मुभा सगळे घेतात. पांढऱ्या मोज्यांत हात उठून दिसतात. ज्याचे हात शांत त्याने पांढरे घालावेत. ज्याचे हात दुडकीत खालीवर होतात, आणि पहिल्या वर्षी सर्वांचेच होतात, त्याने काळे किंवा कोटाच्या रंगाचे घालावेत.

उन्हाचा विचार युरोपातल्या पुस्तकांत एखाद्या ओळीत आटोपतो. इथे तसं चालणार नाही. यवतमाळचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना लोकरी कोट या शब्दानेच घाम फुटेल. आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धा हिवाळ्याच्या बाजूला होतात, तरी नोव्हेंबरच्या अकरा वाजताचं ऊनही काही कमी नसतं. फार उकाडा असेल तर कोट काढायची परवानगी जाहीर होते. मात्र ती जाहीर व्हायची वाट बघायची, आणि आत बाह्यांचा, कॉलरचा स्वच्छ पांढरा शर्ट आहे ना, हे सकाळीच बघून ठेवायचं. घोड्याला तर कोट काढता येत नाही. त्याला सावली, पाणी आणि ओला स्पंज आधी. स्वाराचं सरबत मागून.

आता घोड्याचा शृंगार. इथे पोळ्याच्या माणसाला हात आवरावा लागतो. पोळ्यात आपण वाढवत जातो: गेरू, झूल, चवर, गोंडे, घुंगरं, आणि बंजारा तांड्यांवर तर कवड्या-आरशांचं भरतकाम. वर्षभर राबलेल्या जनावराचे उपकार मानायचा तो दिवस आहे, तिथे हात आखडणं बरं दिसत नाही. ड्रेसाजमध्ये काढत जातात. पायाच्या पट्ट्या सरावात चालतात, प्रत्यक्ष मैदानात नाहीत, कारण पाय दिसायला हवेत. आयाळीच्या लहान लहान वेण्या घालून त्यांच्या गाठी करतात, त्या मानेची कमान दिसावी म्हणून. वेणी सारख्या अंतरावर पडली तर मान लांब भासते. तोकड्या मानेच्या घोड्याला जास्त वेण्या, लांब मानेच्या घोड्याला कमी. वेणी घालता येणाऱ्या कुठल्याही आईला किंवा ताईला हे काम स्वारापेक्षा चांगलं जमतं. शेपटीच्या गाठी हातानेच सोडवायच्या. कंगव्याने ओढलेला केस परत यायला फार काळ जातो.

आणि लाल रिबीन मुळीच नको. आपल्याकडे लाल गोंडा म्हणजे शोभा. घोडेस्वारीच्या मैदानात शेपटीला लाल रिबीन म्हणजे ‘हा घोडा लाथ मारतो, मागे येऊ नका’ असा जाहीरनामा. हिरवी म्हणजे घोडा अजून कच्चा आहे. हौसेने लाल गोंडा बांधून कुणी सरावाच्या मैदानात शिरलं तर त्याच्याभोवती चांगली मोकळी जागा तयार होईल, एवढा मात्र फायदा.

शृंगारातून जनावराला त्रास होऊ नये, ही जाणीव दोन्हीकडे अलीकडेच नियमांपर्यंत पोहोचते आहे. शिंगं साळू नका, त्यांना ऑइलपेंट फासू नका, असं पशुवैद्यक पोळ्याआधी सांगतात. घोड्यांच्या बाबतीत, तोंडाभोवतीचे आणि डोळ्यांजवळचे लांब केस ‘नीटनेटकं दिसावं’ म्हणून कापायची जुनी रीत होती. ते केस घोड्याचं स्पर्शेंद्रिय. अंधारात आणि तोंडाशी अगदी जवळ असलेलं त्याला त्यांनीच कळतं. 1 जुलै 2021 पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने असे केस कापलेल्या घोड्याला स्पर्धेतून बाद ठरवलं. नाकावरचा पट्टा आवळून घोड्याचं तोंड मिटलेलं दाखवण्याची लबाडीही फार चाले. दोन बोटं सहज शिरली पाहिजेत हा जुना दंडक होताच. पण बोटं कुणाची, यावर वाद. 2025 पासून आंतरराष्ट्रीय मैदानांवर त्यासाठी ठरावीक मापाचं साधनच आलं. हीही झुलीची किनार उचलण्याचीच रीत.

महाराष्ट्राला घोड्याचा शृंगार आणि घोड्याची शिकवण दोन्ही नवी नाहीत. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून घोड्यांचा बाजार भरतो, आणि तिथे ढोलाच्या ठेक्यावर नाचणारे घोडे बघायला लांबलांबून माणसं जातात. जागच्या जागी दुडकी घालणं, पुढचा पाय उचलून तोलून धरणं यातलं काही ड्रेसाजच्या सर्वोच्च पातळीवरच्या ‘पियाफ’ या हालचालीच्या अगदी शेजारचं आहे. पण शेजार म्हणजे नातं नव्हे. नाचऱ्या घोड्याची चाल लोकांना दिसावी म्हणून असते आणि त्याला शिकवणारा बहुधा जमिनीवर, दोरी धरून उभा असतो. ड्रेसाजमध्ये स्वाराची खूण कुणालाच दिसता कामा नये. खूण दिसली की गुण गेले.

भाषेतही घोडा आपल्याकडे पागेतून गेला पण वाक्प्रचारांतून गेला नाही. घोडामैदान जवळ येतं, वरातीमागून घोडे निघतात, खोगीरभरती होते, नव्या कारभाऱ्याची मांड बसते किंवा बसत नाही. ज्या मुलाने कधी खोगीर पाहिलेलं नाही तोही हे बोलतो. त्या शब्दांचा मूळ कामाला उपयोग करायची संधी ड्रेसाज देतं. तंग, रिकीब, खरारा, मोतद्दार, नालबंद या शब्दांच्या जागी इंग्रजी शब्द घोकायचं कारण नाही. शिवकालात स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. या हिशेबाने आजचा नवशिका स्वार हा नव्वद टक्के बारगीर. घोडा क्लबचा, खोगीर क्लबचं, कधी कोटही क्लबचा. यात कमीपणा काहीच नाही. बारगिरांनीही मुलूखगिरी केली.

हे बारगीर महाराष्ट्रात घडतात कुठे? मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर 1942 पासूनचा अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. पुण्याजवळ तळेगाव दाभाडे परिसरात जापालूप केंद्र आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांना घोड्यावर बसावंच लागतं. नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये, डॉ. बा. शि. मुंजे यांनी 1937 साली ते काढलं तेव्हापासून, घोडेस्वारीला मान आहे. एनसीसीची रिमाउंट अँड व्हेटर्नरी शाखा काही पशुवैद्यक महाविद्यालयांतल्या मुलांना ही वाट मोकळी करून देते. यवतमाळच्या मुलीला वा मुलाला यासाठी बाहेर पडावं लागतं; नागपूरच दीडशे किलोमीटर. तिथे पोहोचल्यावर जो घोडा मिळतो तो पुष्कळदा शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड असतो. त्याला आयुष्यभर एकच धडा मिळालेला: लगाम ताणला की पळ. ड्रेसाजमध्ये त्याला उलट शिकायचं असतं. म्हणून पहिल्या स्पर्धेत घोडा ‘एक्स’पाशी थांबला, चार पायांवर चार सेकंद शांत उभा राहिला, तर बघणाऱ्यांना काहीच घडलं नाही असं वाटतं आणि त्याच्या शिक्षकाच्या डोळ्यांत पाणी येतं.

खर्चाबद्दल आडपडदा नको. हांगझोचे चौघेही वर्षानुवर्षं युरोपात राहून शिकले आणि त्यांचे घोडेही तिकडचे. ती वाट फार थोड्यांची. नवशिक्यांची स्पर्धा ही वेगळी गोष्ट आहे. उसना कोट, स्वतःचं हेल्मेट, स्वच्छ बूट आणि खरारा केलेला घोडा एवढ्यावर ती होते. स्वच्छतेला गुण नाहीत, पण मळलेल्या खोगिराचा संशय परीक्षकाच्या मनात पुढची पाच मिनिटं राहतो.

तयारीचा खरा भाग कपाटात नसून कॅलेंडरवर असतो. नालबंदाला आठवडाभर आधी बोलवावं; आदल्या दिवशी नाल ठोकून घेतली आणि खिळा जवळ लागला तर घोडा सकाळी लंगडतो. चारा-दाणा बदलू नये. स्पर्धा आहे म्हणून जास्तीचा खुराक देणं म्हणजे परीक्षेच्या सकाळी पोराला चार बासुंदीपुऱ्या वाढणं. कागदपत्रं आधीच नीट करावीत. ग्लँडर्स हा घोड्याकडून माणसालाही होणारा रोग, तो आढळला की त्या भागातल्या घोड्यांच्या हालचालीवर बंधनं येतात. रक्ताची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जाते आणि अहवालाला वेळ लागतो. पुष्कळांची पहिली स्पर्धा वेण्यांमुळे नाही, या कागदामुळे हुकते.

चाचणी पाठ करायची ती घोड्यावर नव्हे, पायांवर. अंगणात खडूने किंवा राखेने आयत आखावा, अक्षरं लिहावीत आणि स्वतः दुडकत सगळी चाचणी चालावी. शेजारी हसतील. घोड्यावर मात्र संपूर्ण चाचणी क्रमाने फार वेळा घेऊ नये. घोडा स्वारापेक्षा लवकर पाठ करतो आणि ‘सी’पाशी वर्तुळ येणार हे कळून आधीच वळायला लागतो. खालच्या पातळीवर बहुतेक ठिकाणी बाहेरून कुणी चाचणी वाचून दाखवलेली चालते, पण वाचणाऱ्याबरोबर एकदा सराव हवा. वाऱ्यात ‘बी’ आणि ‘ई’ सारखेच ऐकू येतात.

सरावाच्या मैदानाचा एक नियम भारतीयांना हमखास चकवतो. समोरून येणाऱ्या घोड्याला जाताना डावा खांदा डाव्या खांद्याकडे ठेवायचा. आपण रस्त्याच्या डावीकडून चालणारी माणसं. आपले उजवे खांदे जवळ येतात. समोरून घोडा आला की हात आपोआप डावीकडे खेचतो, आणि समोरचाही त्याच बाजूला येतो. हे स्कूटरवर नाही शिकता येत. आठ दिवस आधीपासून क्लबात दोन घोडे एकाच वेळी फिरवून अंगवळणी पाडावं लागतं.

घंटा झाल्यावर आत शिरायला आंतरराष्ट्रीय नियमात 45 सेकंद असतात. नवख्याला ते चार सेकंदांसारखे वाटतात म्हणून तो घाईने वळतो आणि मध्यरेषेवर वाकडा येतो. प्रत्यक्षात 45 सेकंद पुष्कळ आहेत. तेवढ्यात एक सावकाश वर्तुळ काढून, श्वास सोडून, सरळ आत येता येतं. सलाम करताना लगाम एका हातात, दुसरा हात खाली, मान थोडी लवलेली. टोपी काढायची पद्धत हेल्मेटबरोबर गेली. मग परीक्षकाशेजारी बसलेला लेखनिक पेन टेकवतो, आणि परीक्षक जे पुटपुटेल ते दोन-तीन शब्दांत लिहीत जातो: ‘वाकडं’, ‘घाई’, ‘चाल चांगली’, ‘हात’.

तो कागद संध्याकाळी मिळतो. बक्षीस मिळो न मिळो, तो जपून ठेवायचा, कारण वर्षभरात इतक्या बारकाईने कुणी बघितलेलं नसतं. पण आधी घोडा. मैदानातून बाहेर आल्या आल्या उतरायचं, तंग सैल करायचा, श्वास खाली येईपर्यंत हाताने फिरवायचं, पाणी दाखवायचं, खोगिराखालची पाठ हाताने चाचपून कुठे गरम किंवा सुजलेली लागते का ते बघायचं. आणि कितीही दमणूक झाली तरी वेण्यांचे दोरे त्याच रात्री कापायचे. सकाळपर्यंत राहिले तर घोडा मान खांबाला घासत राहतो आणि उजाडेपर्यंत अर्धी आयाळ खांबाला लागलेली असते.